ताप नसलेल्यांचं रक्त

दौंडहून रोज पुण्याला कॉलेजला जाणाऱ्यांना पाटस, केडगाव, यवत, उरुळी ही स्टेशनं झोपेतही ओळखता येतात. १८९५ च्या एप्रिलमध्ये मुंबईत उतरून सिकंदराबादला निघालेल्या एका लष्करी डॉक्टरचा रस्ताही हाच होता. कारण तेव्हा मुंबईहून निजामाच्या मुलखात जाणारी रेल्वे पुणे, दौंड, सोलापूर, वाडी अशीच जायची. हा गडी मुंबई बंदरात उतरला आणि कस्टममधून सामान सुटायची वाट न बघता थेट सिव्हिल हॉस्पिटलात गेला. तिथे तो मलेरियाचे पेशंट शोधून त्यांचं रक्त काचपट्टीवर घेत बसला. वय ३७. नाव रोनाल्ड रॉस.

हे नाव स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत सापडतं: मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधणारा, १९०२ चा नोबेल विजेता. ती ओळ पाठ करून आपण पुढे जातो. पण रॉसच्या आयुष्याचा उत्तरार्ध त्या ओळीत येत नाही, आणि आपल्या जवळचा आहे तो नेमका तोच भाग. आज शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या एखाद्या वस्तीवर आशाताई येते, घरात कुणाला ताप आहे का विचारते आणि बोट टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेते. पेशंट दवाखान्यात यायची वाट बघायची नाही, दवाखान्यानेच दारात जायचं. ही कल्पना एकट्या रॉसची नाही, पण तिच्यामागचं तंत्र आणि हिशेब यात त्याचा मोठा वाटा आहे.

घरच्यांनी निवडलेलं करिअर

रॉसचा जन्म १३ मे १८५७ चा, आताच्या उत्तराखंडमधल्या अल्मोड्याचा. मेरठला उठाव होऊन तीनच दिवस झाले होते. वडील ब्रिटिशांच्या हिंदुस्थानी फौजेत मोठे अधिकारी, आणि दहा भावंडांत हा थोरला. आठव्या वर्षी त्याला शिकायला इंग्लंडला नातेवाइकांकडे धाडलं. पोराला चित्रं काढायची होती, कविता लिहायच्या होत्या, चाली बांधायच्या होत्या, गणिताचंही वेड होतं. वडिलांनी ठरवलं, डॉक्टर व्हायचं. हे वाचून मान हलवणारे बरेच जण असतील.

१८७४ मध्ये लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू हॉस्पिटलच्या कॉलेजात नाव घातलं, पण लक्ष कवितांत आणि नाटकांत. एक परीक्षा निघाली, दुसरी पहिल्या फटक्यात निघाली नाही. मधल्या काळात साहेब बोटीवर डॉक्टर म्हणून राबले. दुसऱ्या प्रयत्नात पास होऊन १८८१ मध्ये तो इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये लागला आणि मद्रास इलाख्यात रुजू झाला. काम थोडं, वेळ भरपूर. तो पुन्हा कविता आणि गणितात रमला.

बंगळुरूला असताना बंगल्यात डासांनी उच्छाद मांडला होता. जवळच्याच पाण्याच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसल्या. पिंप रिकामं केलं आणि डास कमी झाले. आज आपण कोरडा दिवस पाळतो त्यातलं तत्त्व हेच. पण तेव्हा त्याच्या डोक्यात मलेरिया नव्हता.

मलेरिया या शब्दाचा मूळ इटालियन अर्थ खराब हवा. दलदलीतून विषारी वाफ उठते आणि माणसाला हुडहुडी भरते, असं शतकानुशतकं मानलं जायचं. १८८० मध्ये लाव्हरां या फ्रेंच लष्करी डॉक्टरने अल्जीरियात एका सैनिकाच्या रक्तात मलेरियाचा परजीवी पाहिला. गंमत अशी की रॉसला स्वतःला ते पटत नव्हतं. हा आजार पोटाच्या बिघाडातून होतो, असं तो मानत होता. १८९४ मध्ये सुट्टीवर लंडनला गेला असताना पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरने त्याला मायक्रोस्कोपखाली तो परजीवी दाखवला आणि डासाचा यात हात असावा, हा आपला अंदाजही सांगितला. रॉसने तोच धागा धरला. मुंबईत उतरल्यावरची घाई त्यासाठी होती.

डासामागे एक आणा

पुढची दोन वर्षं त्याने शेकडो डास फाडून बघितले आणि हाती काही लागलं नाही. कारण तो चुकीच्या जातीचे डास तपासत होता. मध्येच कॉलऱ्याच्या कामावर बंगळुरूला बदली झाली. पुढे उटीच्या भागात हिंडताना त्याला स्वतःलाच मलेरिया झाला. १८९७ च्या जूनमध्ये तो सिकंदराबादला परत आला. तिथे अळ्यांपासून वाढवलेले, पंखांवर ठिपके असलेले डास त्याच्या हाती लागले. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या पेशंटला त्याने मच्छरदाणीत झोपवलं आणि हे डास आत सोडले. चावून रक्त प्यायलेल्या प्रत्येक डासामागे खानाला एक आणा मिळाला.

ऑगस्टचा उकाडा, पण पंखा लावायची सोय नाही, कारण वाऱ्याने डास उडून जायचे. घामाने मायक्रोस्कोपचे स्क्रू गंजले होते. २० ऑगस्टला त्याने एक डास फाडला. त्याच्या पोटाच्या भिंतीत गोल पेशी होत्या आणि त्यांत मलेरियाच्या परजीवीत असतात तसे काळे कण. माणसाच्या रक्तातला परजीवी डासात वाढतो, याचा हा पहिला धडधडीत पुरावा. २० ऑगस्ट हा दिवस आज जागतिक मच्छर दिन म्हणून पाळतात.

आणि लगेच ट्रान्सफर! सप्टेंबरमध्ये त्याला मुंबईकडे बोलावलं आणि तिथून राजपुतान्यात खेरवाड्याला पाठवलं, जिथे मलेरिया नावालाच होता. मॅन्सनने लंडनहून बरीच खटपट केली, तेव्हा कुठे १८९८ च्या सुरुवातीला रॉसला कलकत्त्यात मलेरियाच्या संशोधनासाठी एक वर्ष मिळालं.

बोट कोण पुढे करणार?

कलकत्त्यात एक वेगळीच अडचण उभी राहिली. ती समजून घ्यायला थोडं पुण्यात यावं लागेल.

१८९७ च्या पहिल्या सहामाहीत पुण्यात प्लेगची साथ होती. रँडच्या हाताखाली गोरे सोल्जर घराघरांत शिरून रोगी शोधत होते. स्वयंपाकघर, देवघर, बायकांच्या खोल्या, काही सुटलं नाही. तेही एक प्रकारचं स्क्रीनिंगच होतं, पण संगिनीच्या धाकावरचं. लोक आजारी माणसाला लपवू लागले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सिकंदराबादचा शोध त्यानंतर दोन महिन्यांच्या आत लागला. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत हडपसरजवळ दवाखाना चालवत होते. रोग्यांची सेवा करता करताच १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. रोगी शोधायला माणसाच्या दारात दोन तऱ्हांनी जाता येतं, हे पुण्याने एकाच वर्षात पाहिलं.

प्लेगची ही भीती कलकत्त्यातही पोचली होती. सरकार सुई टोचून काहीतरी करतंय, अशा अफवा होत्या. रॉस मलेरियाचे पेशंट शोधायचा, पण बोट टोचून घ्यायला कुणी तयार होईना. त्याच्या हाती शोध होता, मायक्रोस्कोप होता आणि सरकारी हुकूमही होता. लोकांचा विश्वास तेवढा नव्हता, आणि त्यावाचून माणसांवरचं काम अडलं. मग त्याने पक्ष्यांचा मलेरिया धरला. महंमद बक्स आणि किशोरीमोहन बंद्योपाध्याय असे सहायक सोबत होते. त्यांच्या मदतीने त्याने आजारी पक्ष्यांचं रक्त डासांना पाजलं. १८९८ च्या जुलैमध्ये परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचलेला दिसला आणि त्याच डासांच्या चाव्याने निरोगी चिमण्यांना मलेरिया झाला. साखळी पूर्ण झाली.

माणसातली साखळी त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केली. शोध कुणाचा, यावरून रॉस आणि ग्रासीचं जे भांडण लागलं ते शेवटपर्यंत मिटलं नाही. १९०२ चं नोबेल एकट्या रॉसला मिळालं. तो ब्रिटनचा पहिला नोबेल विजेता. माणूस मोठा होता, पण तिरसट होता आणि मानापमान मनात धरून ठेवणारा होता, हेही सांगायला हवं.

आफ्रिकेतली खेळती मुलं

१८९९ मध्ये नोकरी सोडून रॉस लिव्हरपूलच्या नव्या उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयात शिकवू लागला आणि त्याच वर्षी पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनच्या फ्रीटाउनला गेला. तिथेही माणसाचा मलेरिया ॲनोफिलिस जातीचेच डास नेतात, हे त्याच्या पथकाने दाखवलं.

त्याच सुमारास स्टीफन्स आणि ख्रिस्टोफर्स हे दोन डॉक्टर पश्चिम आफ्रिकेतल्या गावांत मुलांचं रक्त तपासत होते. ही आजारी मुलं नव्हती, अंगणात खेळणारी मुलं होती. त्यांतल्या पुष्कळांच्या रक्तात परजीवी निघाला. वारंवार डास चावून शरीराला थोडी सवय होते, ताप येत नाही, पण परजीवी रक्तात राहतो आणि डासामार्फत दुसऱ्याकडे जातो. म्हणजे फक्त तापाच्या पेशंटवर उपचार करून मलेरिया संपत नाही. तो संपवायचा तर ज्याला काहीच झालेलं नाही, त्यालाही तपासावं लागतं.

या माहितीचा पहिला उपयोग मात्र लाजिरवाणा झाला. आफ्रिकी मुलांच्या रक्तात रोग आहे ना, मग युरोपियनांनी त्यांच्यापासून लांब राहावं, असा सल्ला दिला गेला. फ्रीटाउनजवळच्या टेकडीवर गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी वेगळी वसाहत आणि तिथवर जायला रेल्वेही झाली. तपासणी झाली मुलांची, संरक्षण मिळालं साहेबांना.

रॉसचा भर डासांवर होता. १९०१ मध्ये फ्रीटाउनला त्याने मजुरांची पथकं उभारून डबकी बुजवली, डबे-करवंट्या गोळा केल्या, साठलेल्या पाण्यावर तेल टाकलं. पण हे काम सतत करावं लागतं. पैसा आणि माणसं आटली की डास परत येतात. फ्रीटाउनला तेच झालं. उलट सुएझ कालव्यावरच्या इस्माइलियाला कालव्याच्या कंपनीने काम नेटाने चालू ठेवलं. तिथे दोन-तीन वर्षांत नवे रुग्ण जवळपास थांबले.

१९०३ मध्ये रॉसने एक साधी युक्ती मांडली. काचेवर रक्ताचा पातळ थर पसरला तर परजीवी विरळ होतात आणि शोधायला वेळ लागतो. थेंब जाडच ठेवून त्यातला लाल रंग पाण्याने काढून टाकला, तर थोड्या जागेत जास्त रक्त तपासता येतं. हा जाड लेप. पुढे त्यात सुधारणा झाल्या, पण आजही मलेरियाच्या काचपट्टीवर एका बाजूला जाड लेप आणि दुसऱ्या बाजूला पातळ लेप असतो. जाड लेपात परजीवी आहे की नाही ते कळतं, पातळ लेपात तो कोणत्या जातीचा ते कळतं.

उसाच्या मळ्यातलं गणित

१९०७ च्या अखेरीस रॉस मॉरिशसला गेला. उसाचं बेट. मळ्यांवर राबायला हिंदुस्थानातून गिरमिटिये नेलेले, त्यांत मराठी माणसंही होती. त्यांची पुढची पिढी आजही तिथे आहे. १८६० च्या दशकात तिथे मलेरिया शिरला आणि हजारो माणसं दगावली.

सगळ्या बेटाचं रक्त तपासणं शक्य नव्हतं. मग रॉसने एक जुनी पद्धत घेतली. मलेरिया पुन्हा पुन्हा झाला की पोटात डाव्या बरगडीखालची प्लीहा, आपल्या आजीच्या भाषेत पाणथरी, वाढते. मुलाला उभं करून बोटांनी चाचपलं तरी कळतं. मायक्रोस्कोप लागत नाही, सुई लागत नाही, मूल रडत नाही. डेम्प्स्टर नावाच्या डॉक्टरने १८४० च्या दशकात उत्तर हिंदुस्थानातल्या कालव्यांकाठच्या गावांत ही पद्धत वापरली होती. कालवा आला की ताप का वाढतो, हा त्याचा प्रश्न होता. मॉरिशसला रॉस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शाळांत आणि मळ्यांवर हजारो मुलांची पाणथरी चाचपली. शंभरातल्या किती मुलांची वाढलेली, हा आकडा गावागावाचा काढला. मलेरिया कुठे जास्त, कुठे कमी, याचा नकाशा हाती आला. उपाय केल्यावर तोच आकडा पुन्हा काढायचा. कमी झाला तर उपाय चालला, नाही तर नुसताच खर्च झाला.

इथे त्याचं लहानपणचं गणिताचं वेड कामी आलं. बेटावर माणसं किती, त्यांतली बाधित किती, डास किती, त्यांतले किती जगतात, किती माणसाला चावतात, हे सगळं त्याने समीकरणात मांडलं. उत्तर मोठं दिलासा देणारं निघालं. शेवटचा डास मारायची गरज नाही. डासांची संख्या एका मर्यादेखाली नेली, की एक रुग्ण सरासरी एकालाही रोग देऊ शकत नाही आणि साथ आपोआप विझते. २०२० मध्ये कोविडच्या बातम्यांत आर व्हॅल्यू एकच्या खाली आली का, हे आपण रोज बघत होतो. त्या विचाराची एक मुळी रॉसच्या या गणितात आहे. साथींच्या गणिताचा पुढचा मोठा टप्पा गाठणारा मॅकेंड्रिक तरुणपणी रॉसबरोबर सिएरा लिओनला गेलेला होता.

मोजणं थांबलं की

रॉसचा मुलगा पहिल्या महायुद्धात मारला गेला. म्हातारपणी पैशाची चणचण होती. १९२८ मध्ये त्याने आयुष्यभर जपलेली कागदपत्रंही विकली. १९२७ मध्ये कलकत्त्यात, जिथे त्याने पक्ष्यांवर काम केलं, त्या हॉस्पिटलच्या आवारात त्याच्या नावाचं प्रवेशद्वार उभं राहिलं, तेव्हा तो आला होता. १६ सप्टेंबर १९३२ ला लंडनमध्ये त्याच्याच नावाच्या संस्थेत तो गेला. तोवर मलेरिया जगात कुठेही संपत आलेला नव्हता.

आपल्या देशाने पुढे काय केलं, ते आकड्यांत बघण्यासारखं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा आणि सुमारे आठ लाख मरायचे, असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. घरोघर डीडीटीची फवारणी आणि पाठोपाठ दारोदार तापाची चौकशी, काचपट्टी, गोळ्या. १९६५ मध्ये रुग्ण सुमारे एक लाखावर आले. मलेरिया गेला, असं वाटून हात सैल पडला. डासही डीडीटीला दाद देईनासे झाले होते. १९७६ मध्ये आकडा ६४ लाखांवर होता.

आफ्रिकेत अजूनही हेच चालू आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे २६ कोटी लोकांना मलेरिया झाला आणि सुमारे सहा लाख मेले. त्यांतले जवळपास ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. गावातल्याच प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्त्या झटपट चाचणीच्या पट्टीवर रक्ताचा थेंब टाकून पंधरा-वीस मिनिटांत निदान करतात. झांबिया, बुर्किना फासो अशा देशांत अख्खी गावं तपासून बाधितांना औषध द्यायचे प्रयोगही झाले. अपेक्षेइतकं यश आलं नाही, कारण रक्तात परजीवी अगदी थोडे असतील तर पट्टी ते पकडत नाही. ताप नसलेल्यांचं रक्त आजही कोडंच आहे. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये २०२० पासून घरोघर सगळ्यांची तपासणी झाली. तिथेही बाधितांत लक्षणं नसलेले पुष्कळ निघाले.

शिरूर-दौंडमध्ये गडचिरोलीसारखी स्थिती नाही. पुणे जिल्ह्यात आता डेंगी-चिकुनगुनियाचीच चर्चा जास्त. पण भीमा, घोड, मुळा-मुठा इथेच आहेत, खडकवासल्याचा आणि चासकमानचा कालवा आहे. ग्रामीण भागातला मलेरियाचा डास कालव्याच्या पाझरात आणि शेताकडेच्या डबक्यात वाढतो. ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत लांबून माणसं येतात आणि सहा महिन्यांनी जातात. कुणाच्या रक्तात काय आहे, ते चेहऱ्यावरून कळत नाही.

म्हणून आकडे कमी असले तरी काचपट्ट्या थांबवायच्या नसतात. वर्षभरात लोकसंख्येच्या किमान १० टक्के रक्तनमुने तपासावेत, असा सरकारी दंडक आहे. देशातला स्थानिक मलेरिया २०२७ पर्यंत शून्यावर आणायचा आणि २०३० पर्यंत निर्मूलन करायचं, असं उद्दिष्ट आहे. ते गाठण्याची जबाबदारी बरीचशी आशाताई, आरोग्यसेवक आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या लॅब टेक्निशियनवर आहे. एका काचेवरच्या जाड लेपाची शंभर दृश्यं तो नजरेखालून घालतो, आणि बहुतेक काचांत काहीही सापडत नाही. तो निकाल कुठल्या बातमीत येत नाही.

आपल्या वाट्याला येतं ते काम छोटंसं आहे. हॉस्टेलच्या खोलीत किंवा घरी थंडी वाजून ताप आला, की आपण पॅरासिटामॉल घेऊन पडून राहतो. दोन दिवसांनी बरं वाटतं आणि विषय संपतो. मलेरियाचा एक प्रकार असा आहे की परजीवी यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा उठतो. त्यासाठी १४ दिवसांच्या गोळ्यांचा कोर्स असतो. तो डॉक्टरांनी तपासून द्यायचा आणि आपण पुरा करायचा, पण त्याआधी रक्त तपासायला हवं. पुढच्या पावसाळ्यात आशाताई दारात आली आणि घरात कुणाला ताप येऊन गेला का विचारलं, तर खरं सांगा, आणि तिने मागितलं तर बोट पुढे करा. शेजारच्या कोपीवर ऊसतोड कुटुंब उतरलं असेल तर तिला तेही दाखवा.